एकोणतीस माणसं गेली कुठे?

चिखलीहून बुलढाण्याला निघालेल्या एसटीत, मार्च महिन्याच्या भर दुपारी, एक गृहस्थ असे काही घोरत होते की कंडक्टरही त्यांना तिकीट विचारायला कचरला. झुपकेदार पांढऱ्या मिशा, मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. अख्खी बस मजा घेत होती. मागून कोणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर चढला वाटते गाडीत, आणि सगळे खो खो हसले.

प्राची हसली नाही. ती त्यांच्या बरोबर मागे बसली होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. कारण ते घोरणं मधेच बंद पडायचं. छाती वरखाली व्हायची, पण श्वास काही आत जायचा नाही. लोकांना वाटायचं, चला, सुटलो एकदाचे. मग हिसका देऊन ते गृहस्थ हवा ओढायचे आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू. घोरणं थांबतं तेव्हाच खरी भीती असते, हे त्या बसमध्ये फक्त प्राचीला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

"एकोणीस," ती पुटपुटली.

"एकवीस," पलीकडच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. तिशीच्या अलीकडचा एक तरुण, हातात मोबाइल, त्यावर सेकंद पळताहेत. सावळा, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं. आता प्राचीचा एक स्वभाव होता... तिची कोणी चूक काढलेली चालेल, पण मोजण्यातली नाही.

"एकोणीसच," ती म्हणाली. "मी घड्याळ लावून मोजलेत."

"मीही. तुम्ही जरा उशिरा सुरू केलं, मॅडम."

"किंवा तुम्ही जरा लवकर."

"मग पुढचा मोजू. एकमेकांकडे बघायचं नाही, आधी सांगायचं नाही. कबूल?"

कबूल नसायला काय झालं होतं? दोघं आपापल्या खिडकीकडे तोंड करून बसले. केळवद मागे पडलं. पुढचं घोरणं थांबलं, प्राची मनात मोजू लागली, आणि का कोण जाणे, मोजताना तिला स्वतःच्याच छातीतली धडधड मधेमधे येऊ लागली. श्वास सुटला तसे दोघं एकदम बोलले, "चोवीस." तो हसला. ती हसली नाही, पण कान मात्र तापले. मग तो हळूच म्हणाला की हे माझे वडील आहेत, उत्तमराव, साखरखेर्ड्याचं लग्न जेवून आलोय. प्राचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या बापाचे श्वास पैज लावून मोजत होती ती.

त्याचं नाव कुलदीप. बुलढाण्याजवळच्या धाड गावात त्याचा दातांचा दवाखाना. बाप भाजीपाल्याचा शेतकरी, स्वतःचा टेम्पो स्वतः चालवणारा, आणि झोपेत श्वास थांबायचा आजार जोरात. कुलदीपने त्यांना शहरात नेऊन तपासून आणलं होतं. प्राचीने मग आपलंही सांगितलं. अमडापूरची, पुण्याला आरोग्यशास्त्र शिकून परत आलेली, आणि गावात नेट धड चालत नाही म्हणून रोज बुलढाण्याच्या एका अभ्यासिकेत बसून काम करणारी.

तिचं काम समजावता समजावता तिच्या आईच्या नाकी नऊ यायचे. पुण्यातला एक गट होता, डॉक्टर मंजुश्री त्याच्या प्रमुख. ह्याच आजारावर, स्लीप ॲप्नियावर, जगभरात जे जे उपचार करून पाहिले गेले त्यांचे शोधनिबंध गोळा करायचे, चाळायचे, आणि कोणावर भरवसा ठेवायचा ते ठरवायचं. आधी असे आढावे झाले होते, पण सगळा सावळागोंधळ. बरंवाईट सगळं एकाच पोत्यात भरायचं आणि सरासरी काढायची. मंजुश्री मॅडमना ते निवडून, पाखडून करायचं होतं. घाईही होती. विदर्भात ड्रायव्हर लोकांची तपासणी शिबिरं होणार होती आणि कोणाला काय द्यायचं ते ह्या आढाव्यावरून ठरणार होतं.

उपचार मुख्य दोन. एक मास्कचं मशीन, रात्रभर नाकातोंडातून हवा देणारं. दुसरी दातांवर बसवायची पट्टी, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी. पट्टीचे निबंध वाचायला गटाला दातांचा डॉक्टर हवा होता. प्राचीने त्याच संध्याकाळी मॅडमना कुलदीपचं नाव सुचवलं. दातांचा डॉक्टर आहे, वडिलांना हाच आजार आहे, कामाशी काम करणारा वाटतो, एवढं सांगितलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्याबद्दल काही सांगायची गरज नव्हती.

मॅडमनी त्याला घेतलं आणि प्राचीच्याच जोडीला बसवलं. काम करायची रीत मोठी कडक. एकच निबंध दोघांनी वाचायचा, पण वेगवेगळा. प्रत्येकाने आपला शेरा द्यायचा: भरवशाचा, शंकास्पद किंवा बाद. शेरा दिला की कॉम्प्युटरवर कुलूप. शनिवारपर्यंत एकमेकांना चकार शब्द सांगायचा नाही. शनिवारी दोन्ही कुलपं उघडायची, आणि जिथे जमत नाही तिथे भांडून निकाल लावायचा. भांडूनही नाही लागला तर मॅडम.

आणि भांडले हो ते. पहिल्या दहा निबंधांत सहा ठिकाणी मतभेद. अभ्यासिकेच्या ओट्यावर उसाचा रस घेऊन बसायचे आणि रस कोमट होईपर्यंत हुज्जत घालायचे. कुलदीप म्हणायचा, इतक्या बारीक चुका काढल्या तर जगात एकही निबंध उरणार नाही. प्राची म्हणायची, नाही उरला तर नाही उरला.

"घरी वरणात मीठ कमी पडलं तर वरण बाद करत असाल," एकदा तो म्हणाला.

"बाद नाही. शंकास्पद. आधी दुसऱ्याला चाखायला देते."

"मग मले बोलवा कधी चाखायले."

ती पेन्सिलीला टोक काढत राहिली. टोक चांगलं होतं हे दोघांनाही दिसत होतं.

चौदाव्या निबंधावर तर कमालच झाली. भांडणाच्या भरात ती म्हणून गेली, तू चूक आहेस. तू. दोघंही थबकले. मग कुलदीप अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "चूक असीन. पण हे 'तू' ठेवून दे." आणि ते राहिलं ते राहिलंच.

ऊन वाढत गेलं. शनिवार संपला की प्राची तोंडाला स्कार्फ गुंडाळायची आणि तो तिला बसस्टँडपर्यंत सोडायला यायचा. एकदा म्हणाला, स्कार्फ बांधला की नुसते डोळे उरतात, आणि डोळेच तर... पुढचं वाक्य त्याने गिळलं. प्राचीने ते अमडापूरपर्यंत मनातल्या मनात दहा प्रकारांनी पुरं करून पाहिलं. कुठलाच प्रकार तिला बाद करवेना.

इकडे उत्तमरावांनी मास्कचं मशीन तीन रात्रींत माळ्यावर टाकलं होतं. मुस्कं बैलाले बांधतात, माणसाले नाई, असं म्हणून. कुलदीपने नाद सोडला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्यासाठी पट्टी बनवली. बापाच्या तोंडाचं माप घेतलं, घासली, पुन्हा बसवली, पुन्हा घासली. काढून घेतलेली टेम्पोची किल्ली महिन्याभराने परत दिली. एका शनिवारी त्याने हे सगळं प्राचीला सांगितलं. बाबा रोज पट्टी घालून झोपतात, घोरणं कमी झालंय, मिरचीचा हंगाम आहे, टेम्पो पुन्हा चालू केलाय. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले आणि तो उगाच चष्मा शोधायला लागला. चष्मा त्याला नव्हताच. प्राचीला त्या क्षणी इतकी माया वाटली त्याच्याबद्दल की तिने हातातला ग्लास घट्ट धरून ठेवला.

नेमका त्याच आठवड्यात सत्तावीस नंबरचा निबंध आला.

निबंध म्हणत होता, आजार जोरात असला तरी पट्टी मास्कच्या तोडीस तोड चालते. असं ठामपणे म्हणणारा तो एकच. प्राचीने तो वाचला आणि दुसऱ्या पानावर तिचं बोट अडलं. सुरुवातीला पट्टी दिली नव्वद जणांना. शेवटच्या हिशेबात माणसं एकसष्ट. मधले एकोणतीस गेले कुठे? एका ओळीत लिहिलं होतं, पुढे आले नाहीत. का आले नाहीत, पट्टी दुखली म्हणून, काढून फेकली म्हणून, काही पत्ता नाही. ज्यांना मानवली तेवढेच मोजले आणि म्हटलं, बघा कशी मानवते. पोतं निवडून किडके टमाटे बाजूला काढायचे आणि मग सांगायचं, आमच्या मळ्यात एक टमाटा किडत नाही.

शंकास्पद. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण तिला कुलदीपचा चेहरा दिसत होता, तो नसलेला चष्मा शोधणारा. हा निबंध पडला की पट्टीवरचा त्याचा सगळा विश्वास पडणार होता. आणि तो पाडणारी ती असणार होती. तिने निबंध पुन्हा पहिल्या पानापासून चाळला. मग स्वतःला समजावलं, तो दातांचा डॉक्टर आहे, त्याच्या नजरेतून हे सुटणार नाही, तोच म्हणेल शनिवारी. आपण कशाला... आणि तिने शेरा दिला, भरवशाचा. कुलूप लागलं.

शनिवारी कुलपं उघडली. कुलदीपचाही शेरा भरवशाचा. प्राचीला एकदम हलकं वाटलं. त्याला जर काही खटकलं नाही तर आपलीच शंका फोल असेल. त्या दिवशी ते भांडले नाहीत. त्याच्या आदल्या शनिवारीही नव्हते भांडले. नुसते हसले, रस प्यायले, आणि ओट्यावर ठेवलेल्या तिच्या हाताजवळ त्याचा हात इतका जवळ आला की दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

सोमवारी दुपारी मंजुश्री मॅडमचा फोन आला.

"प्राची, पहिल्या दहा निबंधांत तुमचे सहा मतभेद होते. शेवटच्या दहात एकही नाही. तुम्ही आधी बोलता का एकमेकांशी?"

"नाही मॅडम. शपथेवर सांगते."

"मग हे आणखी वाईट आहे." मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळेच त्यांची भीती वाटायची. "मला दोन माणसं हवी होती. मला एकच माणूस दोनदा मिळतोय. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. पुन्हा एकदा बघ."

पुन्हा बघायची गरजच नव्हती. कुठे बघायचं ते प्राचीला पक्कं ठाऊक होतं. निबंधाचं एक सोडा, उत्तमराव त्याच पट्टीच्या भरवशावर रोज टेम्पो घेऊन निघत होते. मिरचीचा बाजार संध्याकाळी भरतो, म्हणजे निघायचं दुपारी तीनला, पोटात भाकर आणि डोक्यावर ऊन घेऊन. झोप येण्यासारखी ह्याहून दुसरी वेळ नाही. फोनवर सांगावं असं तिला वाटलं नाही. तिने पाठपिशवी उचलली आणि धाडची बस धरली.

दवाखान्यात एका म्हातारीची दाढ चालली होती. प्राचीला दारात बघून कुलदीपचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून लगेच उतरला. तिला तिथे वीस मिनिटं बसावं लागलं. ती वीस मिनिटं कशी गेली ते तिचं तिला माहीत. म्हातारी गेली, दार लोटलं, आणि प्राची उभ्या उभ्याच बोलली.

"सत्तावीस नंबर. नव्वद माणसं होती, मोजली एकसष्ट. मला दिसलं होतं, कुलदीप. मी तरी भरवशाचा म्हटलं."

त्याच्या हातातले मोजे काढायचे राहून गेले होते, तसेच राहिले.

"तुला दिसलं नव्हतं का?"

"दिसले होते," तो म्हणाला. "एकोणतीस. मी दोनदा वजाबाकी केली. मंग म्हटलं, बापामुळे माझं डोकं ठिकाणावर नाई, मी कसाही शेरा दिला तर तो वाकडाच होईन. प्राची कडक आहे. ती काही सोडत नसते. ती पाहून घेईन."

"आणि मी म्हटलं तू पाहशील."

झालं. दोघांनी एकमेकांवर इतका विश्वास टाकला होता की राखण करायला कोणी उरलंच नव्हतं. प्राचीला रडू आलं नाही, स्वतःचा राग आला. तिने विचारलं, काका कुठे आहेत? कुलदीपने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. मग त्याने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. गाडी चालवताना नाई उचलत ते, तो म्हणाला. मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातून दोनदा खाली पडली. शेवटी ती प्राचीने उचलून दिली.

पुढचा अर्धा तास ते बाजाराच्या रस्त्याने टेम्पो शोधत गेले. गरम वारा तोंडावर मारत होता. समोरून येणारा प्रत्येक टेम्पो बघून ती त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरायची आणि तो टेम्पो निघून गेला की सोडायची. पहिल्यांदा ती त्याच्या मागे बसली होती, आणि त्यात सुख वाटण्यासारखं तिला काही सुचत नव्हतं.

एका वळणावर गर्दी दिसली. कुलदीपच्या तोंडून नुसतं "बाबा..." एवढंच निघालं.

टेम्पोचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या नालीत उतरलं होतं आणि तोंड बाभळीला टेकलं होतं. मिरचीची दोन पोती फुटून हिरवा सडा पडला होता. तिथून दहा पावलांवर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती हंडे घेतलेल्या बाया. सगळ्या टेम्पोकडे बघत. उत्तमराव बाभळीखाली बसले होते, कपाळावर खरचटलं होतं, बाकी धडधाकट. मुलाला बघून त्यांनी मान खाली घातली.

"डोळा लागला बापा," ते म्हणाले. "जरासाच."

"पण पट्टी तर घालून राह्यले ना तुम्ही रोज? मी पाहतो सकाळी."

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घालतो. तू झोपला की काढून ठेवतो. जबडा लय ठणकते रे. सकाळी तू उठायच्या आत मंग पुन्हा घालतो. एवढ्या मेहनतीनं बनवली तू... कसं सांगू तुले?"

प्राची तिथेच मिरच्यांमध्ये मटकन बसली. एकोणतीस जण कुठे गेले, ह्याचं उत्तर तिच्यासमोर टोपी मांडीवर घेऊन बसलं होतं. कोणाचा जबडा ठणकला असेल, कोणाला डॉक्टरचं मन मोडवलं नसेल. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारायचं त्यांनी, म्हणजे तिने, डोळे मिटून घेतले. आपल्याला लाज वाटते आहे, हे तिने स्वतःशी सरळ कबूल केलं. कुलदीपने तोंड फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

मग पोती भरली. बायांनीही हात लावला. मिरच्या गोळा करता करता उत्तमरावांनी प्राचीकडे बोट दाखवून मुलाला विचारलं, हे पोरगी कोण रे?

"सोबत काम करते," कुलदीप म्हणाला.

खोटं काय होतं त्यात? काही नाही. तरी प्राचीला ते लागलं. तिने लक्ष दुसरीकडे वळवायला काकांना विचारलं, मास्क का नको होता नेमका? तेव्हा कळलं की मुस्क्याचा राग होताच, पण खरी अडचण मिशीची. मिशीतून हवा गळायची आणि रात्रभर डोळ्यांत फुस्स फुस्स करायची. मशीन देणारा म्हणाला होता, मिशी काढा. तिने सांगितलं, काका, दुसरा एक लहान मास्क असतो, नुसता नाकपुड्यांशी बसतो, तोंड मोकळं राहतं.

"मिशी राह्यते?"

"राह्यते, काका."

"मंग पाहू," उत्तमराव म्हणाले, आणि टेम्पोची किल्ली त्यांनी न मागता मुलाच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून धाडचा दातांचा डॉक्टर तीन वाजता दवाखाना बंद करून बाजारात मिरची पोचवू लागला. गावाने काय हसायचं ते हसून घेतलं.

त्याच संध्याकाळी दोघांनी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, अहवाल मी आठवडाभर थांबवते. तुम्ही दोघं मला एकेक पत्र लिहा, हे का झालं त्याचं. खरं कारण लिहा, कारण ते अहवालासोबत आमच्या दप्तरी राहणार आहे. वेगवेगळं लिहायचं. आणि शनिवारपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही.

ते चार दिवस प्राचीने कसे काढले, विचारू नका. खरं कारण तिला ठाऊक होतं. पण ते लिहिलं की जोडी मोडणार, शनिवार संपणार, हेही ठाऊक होतं. आणि कुलदीपने काय लिहिलं असेल? त्याच्यापाशी सांगायला सरळ कारण होतं, बाप. कोणीही मान्य करेल असं. त्याने तेवढंच लिहिलं आणि तिने मात्र मन उघडं केलं तर पुण्यात हसं, बुलढाण्यात हसं. सोबत काम करते, असं म्हणाला होता तो. तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. एकदा तर "नजरचूक" असं लिहून टाकलं होतं. मग तिला बाभळीखाली बसलेले उत्तमराव आठवले, मुलाचं मन राखायला पट्टी पुन्हा तोंडात घालणारे. मन राखता राखता माणूस मरायचा एखादा. तिने नजरचूक खोडली, दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा न वाचता पाठवून दिल्या.

शनिवारी ती अभ्यासिकेत पोचली तेव्हा कुलदीप ओट्यावर येऊन बसला होता. चार दिवस मिरची वाहून हात लाल झाले होते. दोघांनी नुसती मान हलवली. मग मधे मोबाइल ठेवला आणि मॅडमचा चेहरा पडद्यावर आला.

शेवटचे दहा निबंध नव्या जोडीकडे गेले होते. सत्तावीस नंबर मॅडमनी स्वतः वाचला होता: शंकास्पद. जोराच्या आजारात पट्टीवर भिस्त ठेवू नये, आणि गळालेल्या माणसांना कोणी विचारलेलं नाही, हे अहवालात ठळक अक्षरांत येणार होतं. प्राचीने सुटकेचा श्वास टाकला.

"आता तुमचं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघं ह्यापुढे एका जोडीत वाचणार नाही. ह्या कामात नाही, आमच्याकडच्या कुठल्याच कामात नाही. पत्रं एकमेकांना पाठवते आहे. तुमची आहेत, तुम्हीच वाचा." आणि पडदा काळा झाला. जाता जाता त्या किंचित हसल्यासारख्या वाटल्या, पण मॅडमच्या बाबतीत खात्री देता येत नाही.

प्राचीने त्याचं पत्र उघडलं. तिला अक्षरं नीट दिसेनात.

"गळालेली माणसं मला दिसली होती," त्याने लिहिलं होतं. "मी ती सोडून दिली, ह्याची कारणं दोन. एक माझे वडील. दुसरं प्राची. मी शंका काढली असती तर कदाचित तिने वडिलांसाठी म्हणून माझी समजूत घातली असती, आणि तिच्या डोळ्यांत माझी कीव आलेली मला नको होती. तिथे मला दुसरं काही बघायचं होतं. पहिल्या कारणावर इलाज सुरू केला आहे, नवा मास्क तीन रात्री टिकला आहे. दुसऱ्यावर इलाज मला नको आहे."

तिने वर पाहिलं. कुलदीप अजून तिच्या दोन ओळींवरच होता. "मला कुलदीप आवडतात. त्यांना दुखवायची हिंमत झाली नाही म्हणून मी खोटा शेरा दिला." एवढंच तर होतं.

"दोनच ओळी?" तो म्हणाला.

"कमी पडल्या?"

"नाई. पण मले तोंडानं ऐकायच्या आहेत."

आत अभ्यासिकेत पंधरा-वीस जण पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि सगळ्यांचे कान ओट्याकडे होते. असू देत म्हणाली ती मनात. पुण्याची सगळी मराठी तिच्या तोंडातून कुठल्या कुठे पळून गेली.

"तू मले आवडतो," ती म्हणाली. "चुकला तरी आवडतो. पण ह्यापुढे तू चुकला की मी तोंडावर सांगीन. तुले दुखलं तरी सांगीन."

"सांग," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला. ह्या वेळी दोघांनीही तिकडे बघितलं. "मलेही एक चूक दुरुस्त करायची आहे. बाबांनी इचारलं होतं, हे पोरगी कोण. मी अर्धंच उत्तर देलं. धाडची बस अकराची आहे. येतं का?"

प्राचीने स्कार्फ घेतला, पण तोंडाला बांधला नाही. हात तसाच त्याच्या हातात ठेवून ती बसस्टँडकडे चालू लागली.